खुटवड, थ्री-नॉट-थ्री आणि माझं चांगलं इंग्रजी

चि. ईशान आणि मुक्ता,

ईशान, तुझा 'माझी आजी' हा निबंध तुझ्या आईनं मला फोनवर वाचून दाखवला. त्यात तू लिहिलं आहेस की आजीचं इंग्रजी इतकं चांगलं आहे की न्यूझीलंडमधले गोरे लोक तिला सभेत भाषांतर करायला बोलावतात. बाईंनी त्या वाक्याशेजारी लाल शाईनं 'वा!' लिहिलं, हेही कळलं. मी फोनवर हसले. फोन ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात उभी राहिले. वाक्य खरं आहे. पण त्या सभेत मी काय भाषांतर केलं ते तुला माहीत नाही, आणि त्या 'वा!'मुळं मला चैन पडेना. म्हणून आजच सांगून टाकते. मुक्ता, तू मोठी आहेस. ईशान जिथं अडेल तिथं तू वाचून दाखव.

गोष्ट खुटवडांची आहे.

शंकरराव खुटवड पहिल्यांदा आमच्या न्यूझीलंडमधल्या, माउंट रॉस्किलच्या घरी आले तेव्हा तुमची वृंदाआत्या व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती. 'या, बसा' म्हणायच्या आत त्यांनी तिच्या हातातली नळी काढून घेतली, एक डोळा मिटला, दुसरा नळीच्या तोंडाला लावला आणि खिडकीकडे रोखून बघितलं.

"बोअर साफ नाही," ते म्हणाले. नळी परत केली आणि मग नमस्कार केला. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीची आतली पोकळी.

पोकळ वस्तू दिसली की तिच्यातून आरपार बघायचं, हा त्यांचा नेम होता. बागेतला पाइप, पेनाचं टोपण, मी हात धुताना काढून ठेवलेल्या बांगड्या. त्यांच्या सुनेनं, स्मितानं, एकदा मॅकरोनी करायला घेतली, तर यांनी एकेक नळी उजेडात धरून तपासली आणि अकरा बाजूला काढल्या. स्मितानं त्या अकराही उकळत्या पाण्यात लोटल्या. "बाई, त्या दिवशी मी जेवलो नाही," असं त्यांनी मला नंतर गंभीरपणे सांगितलं.

ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. मुलगा संगणकातला, सून बँकेत. स्वतः पुण्याकडच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तपासनीस होऊन निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्यांच्यासमोरून काडतुसं जात होती आणि ते एकेक उचलून 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणत होते. निवृत्तीनंतर काडतुसं थांबली, जीभ थांबली नाही. डेअरीतली, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली, केळी रिजेक्ट. लायब्ररीचं आपोआप उघडणारं दार रिजेक्ट, कारण "माणूस बघून उघडत नाही, कुणालाही उघडतं." वृंदाच्या इडल्या पहिल्या घाण्याला रिजेक्ट, दुसऱ्याला पास. मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, हे ऐकल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि "पास" म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची 'बाई' झाले.

आता लाजेचा पहिला हप्ता. मला त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालायला आवडायचं नाही. पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, त्याही मोज्यांवर. डोक्याला ऐन उन्हाळ्यात कानटोपी. आवाज असा, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघे. मी दोन पावलं पुढं चालायची. हे माझे कुणीतरी आहेत, असं लोकांना वाटू नये म्हणून. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला नेहमी घाई असते का हो?" मी हो म्हटलं.

एका रविवारी आम्ही पार्कातून येत होतो आणि झाडांपलीकडून एक बार ऐकू आला. मी दचकले. खुटवड जागच्या जागी थांबले, कानटोपी काढली आणि कान तिकडे केला.

"थ्री-नॉट-थ्री," ते म्हणाले. "ब्लँक."

थ्री-नॉट-थ्री हे जुन्या लष्करी रायफलीचं माप, आणि ब्लँक म्हणजे गोळी नसलेलं काडतूस. नुसता आवाज आणि धूर. झाडांपलीकडे गेलो तर वीस-पंचवीस गोरी माणसं पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे जाड लोकरी कपडे घालून घामाघूम होत रांगेत उभी होती. कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर. जुन्या लढाया हुबेहूब करून दाखवायच्या, हा त्यांचा छंद. म्होरक्या ब्रायन, निवृत्त प्लंबर, पोटावरचा पट्टा शेवटच्या भोकात. खुटवड सरळ त्याच्यासमोर गेले आणि तळहात पुढं केला. ब्रायनला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं एक रिकामी पितळी पुंगळी त्या हातावर ठेवली. खुटवडांनी तिच्या बुडावरचे आकडे वाचले, तोंड बघितलं, एक डोळा मिटून आतही बघितलं आणि मला म्हणाले, "सांगा यांना. माल जुना आहे, पण करणारा माणूस मन लावून करणारा होता."

मी सांगितलं. ब्रायन हसला आणि इथल्या माओरी पद्धतीनं नमस्कार करून म्हणाला, "किया ओरा, मेट! याला पुढच्या शनिवारी घेऊन या."

अशी मी भाषांतरकार झाले.

ब्रायनचं घर टाकानिनीला. आजूबाजूला नवीन वसाहतींची सारखी घरं उठत होती आणि मध्ये याचं जुनं लाकडी घर, मागं मोठं गॅरेज. आम्ही दोन बस बदलून दर शनिवारी जायला लागलो. दीड तास जायला, दीड तास यायला. खुटवडांच्या पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या चपात्या. प्लंबर आणि तपासनीस यांची मैत्री जमायला वेळ लागला नाही. दोघेही एक डोळा मिटून पाइपातून बघणारे.

मंडळापुढं तेव्हा मोठा प्रश्न होता. त्यांच्या रायफली इकडून तिकडून गोळा केलेल्या. बऱ्याचशा थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे त्या लढाईतल्या शिपायाच्या हातात होत्या तशाच. पण चार-पाच दिसायला तशाच असूनही वेगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या वेगळ्या मापाच्या, सेव्हन-सिक्स-टूच्या, आणि त्याही आपल्याकडे भारतात बनलेल्या. थ्री-नॉट-थ्रीचे ब्लँक मिळायला मारामार. दुसऱ्याचे सहज मिळतात. काहींचं म्हणणं, हळूहळू सगळेच तिकडे जाऊ या. काहींचं म्हणणं, दोन्ही ठेवू या, ज्याला जे मिळेल ते त्यानं उडवावं.

"तुमचा मित्र काय म्हणतो?" ब्रायननं विचारलं.

खुटवड उठून उभे राहिले. "एका रांगेत एकच बोअर! घाईत माणूस शेजाऱ्याच्या खिशात हात घालतो. चुकीचं काडतूस चुकीच्या रायफलीत गेलं की झालं कल्याण. दोन बोअर म्हणजे एका घरात दोन बायका. सांगा, बाई."

मी बोअरचं सांगितलं. बायकांचं गाळलं. ते गाळायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण गाळायची सवय तिथं लागली.

मग ब्लँक कसे निवडायचे, यावर त्यांनी व्याख्यान दिलं. चांगल्या ब्लँकचं पितळी तोंड पाकळ्या-पाकळ्यांनी मिटवलेलं असतं. "मोदकाच्या कळ्या असतात ना, तशा. कळी फाटली की मोदकाचं सारण बाहेर येतं. इथं पितळेचा तुकडा बाहेर येतो, आणि तो समोरच्याच्या डोळ्यातसुद्धा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक कळी बघायची. प्रत्येक." मी मोदकाचं डंपलिंग केलं. सगळे कौतुकानं हसले, मिसेस देवधर किती छान समजावतात म्हणाले. ब्रायनच्या बायकोनं मला दुसरा स्कोन, म्हणजे लोण्याचा गोडसर पाव, वाढला. खुटवडांना कुणी स्कोन वाढला का, ते मी बघितलं नाही.

शेवटी ठरलं: थ्री-नॉट-थ्रीच. वेगळ्या रायफली नुसत्या खांद्यावर मिरवायच्या, उडवायच्या नाहीत. आणि काडतुसं तपासणार खुटवड. त्यांच्याकडे बंदुकीचं लायसन नव्हतं, त्यामुळं तपासताना ब्रायननं शेजारी बसायचं. बसमध्ये खुटवड खिडकीबाहेर बघत स्वतःशीच "तपासनीस" म्हणाले. बाकी दीड तास त्यांनी मला कारखान्यातल्या प्रत्येक माणसाची माहिती दिली. मी पिशवीतलं मासिक उघडून बसले होते.

हिवाळ्याच्या तोंडावर पार्कात मोठा कार्यक्रम होता. बाहेरगावाहूनही मंडळी येणार होती. आदल्या दिवशी, शनिवारी, नवीन माल आला. कुणा संग्राहकाकडून मिळालेले ब्लँक, पेटीभर. ब्रायन आनंदानं लाल झालेला. गॅरेजमध्ये पंधराएक माणसं, चहा, केक. खुटवडांनी मूठभर काडतुसं उचलली, एकेक फिरवून बघितलं. मग टेबलावर हात आपटला.

"रिजेक्ट! सगळा लॉट. दहात एक कळी फाटलेली आहे. सांगा त्यांना, उद्या एकही उडवायचं नाही."

चहाचे कप थांबले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मुलांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते लिहिते, कारण तेच लिहायला बसले आहे. एक, याच माणसानं त्याच आठवड्यात आमचा नळ, बसचा ड्रायव्हर आणि एक अख्खा बुधवार रिजेक्ट केला होता. मला वाटलं, हेही त्यातलंच. दुसरं, टेबलावर आपटलेला तो हात, तो आवाज, ते मोजे. मला वाटलं, हे लोक म्हणतील, कुठून आणलं हे ध्यान. आणि वाईट बातमी मला माझ्या तोंडून द्यायची नव्हती, कारण माझ्या तोंडून ते नेहमी छान छान ऐकत आले होते.

मी इंग्रजीत म्हणाले, "खुटवड म्हणतात, माल उत्तम दिसतो. फक्त सगळ्यांनी एकमेकांपासून नीट अंतर ठेवावं, असं ते आवर्जून सांगतात."

"स्वीट अ‍ॅज!" ब्रायन म्हणाला, म्हणजे 'झकास!', आणि टाळ्या झाल्या.

खुटवड माझ्याकडे बघत राहिले. मी केकचा तुकडा घेतला.  परतीच्या बसमध्ये त्यांनी कारखान्यातल्या एकाही माणसाचं नाव काढलं नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

रविवारी सकाळी ते माझ्या आधी पार्कात पोचले होते. ब्रायन माणसं रांगेत लावण्यात गुंतलेला. खुटवड तंबूत पेटीसमोर मांडी घालून बसले होते, दुपारी एक वाजेपर्यंत उठले नाहीत. एकेक काडतूस उचलायचं, फिरवायचं, कळ्या बघायच्या, ट्रेमध्ये ठेवायचं. चहा नेऊन दिला तर म्हणाले, "ठेवा." तो तिथंच निवला.

कार्यक्रम झकास झाला. बार झाले, धूर झाला, लहान मुलांनी कानात बोटं घातली. कुणालाही साधं खरचटलंसुद्धा नाही.

मंडळाचा एक कडक नियम होता. संपल्यावर प्रत्येकानं खिसे उलटे करायचे, पिशव्या उघडायच्या. एकही काडतूस कुणी घरी न्यायचं नाही. सगळे हसतखेळत खिसे उलटे करत होते. खुटवडांनी आपण होऊन पिशवी पुढं केली. ब्रायननं डबा उघडला. चपातीच्या फडक्यात त्रेचाळीस ब्लँक होते.

हसणं थांबलं. लायसन नसलेल्या माणसाच्या जेवणाच्या डब्यात दारूगोळा! ब्रायनचा चेहरा पांढरा पडला. "शंकर, हे काय आहे?" आणि मग माझ्याकडे वळून, "मिसेस देवधर, यांना विचारा, हे का घेतले?"

मला विचारायची गरज नव्हती. फडकं उघडलं तेव्हाच मला एका काडतुसाची फाटलेली कळी दिसली होती. कारखान्यात नापास मालासाठी असतो तसा लाल खुणेचा डबा मागायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते, म्हणजे होते, पण ते मी आदल्या दिवशी खाऊन टाकले होते. म्हणून बिचाऱ्यानं जेवणाच्या डब्याचा रिजेक्शनचा डबा केला. मला एवढंच म्हणायचं होतं: यांनी काल लॉट नाकारला होता, मी खोटं सांगितलं. दोन वाक्यं. चौथीच्या मुलाला जमतील इतकी सोपी.

तीस माणसं उभी होती. ब्रायनची बायको होती. तुमची आत्या नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आईचे फोटो काढायला आली होती.

मी म्हणाले, "ते म्हणतात, माफ करा. म्हातारं माणूस आहे. आठवण म्हणून जवळ ठेवावेसे वाटले."

ब्रायन खुटवडांपुढं गेला आणि शब्द सुटे सुटे करून म्हणाला, "शंकर. इज दॅट राइट?"

खुटवडांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टाचा जुळवून उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "येस, सर. सुव्हनिअर. माय मिस्टेक."

तो शब्द मी वापरला नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला, माझं खोटं नीट बसावं म्हणून.

ब्रायननं पोलिसांना कळवलं नाही. पण उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. सगळ्यांनी मान खाली घातली होती. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "वाईट वाटतं, पण म्हाताऱ्याचा मोह." हे इंग्रजीत होतं. खुटवड शेजारीच उभे होते.

वृंदाच्या गाडीत मी मागं त्यांच्याजवळ बसले. गाडी सुरू झाल्यावर विचारलं, "खुटवड, तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"एकतीस वर्षं साहेबांच्या शिव्या इंग्रजीत खाल्ल्या, बाई. कळणार नाही होय?"

"म्हणजे कालचंही..."

"कळलं की."

"मग तुम्ही का नाही बोललात? तिथल्या तिथं मला खोडून काढायचं!"

"बाईमाणसाला चारचौघांत रिजेक्ट करायचं?" ते म्हणाले. "कळ्या बघणं माझं काम. ते मी केलं. कुणाचा डोळा गेला नाही ना?"

 मग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. इंग्रजी कळत होतं, मोडकंतोडकं बोलताही येत होतं, तर दर शनिवारी मला भाषांतराला कशाला नेत होता?

ते खिडकीबाहेर बघत होते. "मुलगा आणि सून सकाळी सातला जातात, अंधार पडल्यावर येतात. नात आहे, ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. दिवसभर घरात टीव्ही बोलतो." मग म्हणाले, "दीड तास जायला, दीड तास यायला. तेवढी मराठी व्हायची."

त्या दीड तासांत मी मासिक वाचत असे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा काहीच मोठेपणा नाही. गोष्ट त्यांच्या मुलाच्या कानावर गेली. बापाच्या डब्यात काडतुसं म्हटल्यावर तो घाबरला. नवी नोकरी, कागदपत्रं अजून व्हायची होती. त्यानं तीन आठवड्यांत त्यांचं परतीचं तिकीट काढलं. त्या तीन आठवड्यांत मी रोज ठरवायची की आज ब्रायनकडे जाते. एकदा पहिल्या बसपर्यंत गेलेही. विमानतळावर निरोप द्यायला गेले, तिथं मुलाला बाजूला घेऊन सांगणार होते. तो बॅगा वजनाला लावत होता. मी सांगितलं नाही.

ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी टाकानिनीला एकटी गेले. दोन बस बदलल्या. ब्रायननं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहून ती दोन वाक्यं बोलले.  तो आत गेला आणि एका डबीतून ते त्रेचाळीस ब्लँक काढून टेबलावर मांडले, चष्मा लावला, एकेक फिरवून बघू लागला. प्रत्येकाची एक तरी कळी फाटलेली होती. मी उभीच होते. त्यानं मला बसा म्हटलं नाही, आणि मला ते योग्य वाटलं. शेवटचं काडतूस ठेवून तो एवढंच म्हणाला, "त्यांनी आम्हाला सांगितलं होतं तर." नंतर पुढच्या सभेत त्यानं ते सगळ्यांना सांगितलं आणि खुटवडांना पत्रही लिहिलं. मुलाला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं.  तो म्हणाला, "काकू, आता सांगून काय होणार?" खरंच काही होणार नव्हतं. खुटवड पुण्याच्या घरात एकटे पोचले होते.

तर ईशान, तुझ्या निबंधात हे वाक्य राहू दे, खोडू नकोस, पण त्याच्यामागं हे आहे ते माहीत असू दे. कुणाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची वेळ आली तर जसंच्या तसं सांग. आवडलं नाही तरी.

मी त्यांची फोनवर दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलून तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. मंडळ अजून आहे. रविवारी पार्कात रांग लागते, सगळ्यांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच असते. ते त्रेचाळीस ब्लँक ब्रायननं पाण्यात भिजवून निकामी केले. मी फोन कार्ड आणते, दर शनिवारी पुण्याला फोन लावते आणि हातात दुसरं काहीही न घेता बसते. कार्ड संपेपर्यंत ते बोलतात. ते बोलणं अजून चालू आहे.

तुमची,
आजी